प्रकाश पकडणारे पटल : जांभळ्या सूक्ष्मजंतूंतील विक्रियाकेंद्राचा शोध

साचलेल्या तळ्याच्या काठचा काळा चिखल काठीने ढवळला असता कुजक्या अंड्यासारखा दर्प सुटतो. हा दर्प हायड्रोजन सल्फाइड या वायूचा होय. ज्या चिखलात हा वायू साठून राहतो तेथे ऑक्सिजन बहुधा नसतोच. त्यामुळे मासे व किडे यांना तेथे थारा मिळत नाही. तरीही अशा चिखलाच्या वरच्या थरात, जेथवर थोडाफार उजेड पोहोचतो तेथवर, पुष्कळदा गुलाबी किंवा जांभळट रंगाची साय धरलेली दिसते. ही साय म्हणजे कोट्यवधी सूक्ष्मजंतूंची वसाहत असते. झाडांप्रमाणेच हे जंतू सूर्यप्रकाशावर जगतात. परंतु झाडांप्रमाणे ते ऑक्सिजन मात्र बाहेर टाकीत नाहीत.

या क्षुद्र जंतूंच्या अंगी प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारे जे यंत्र आहे, त्याची अणुगणिक रचना १९८५ साली जगासमोर आली. प्रकाशसंश्लेषणाच्या केंद्राची अशी आकृती त्यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. किंबहुना पेशीपटलात रुतून बसलेल्या कोणत्याही प्रथिनाची ती पहिलीच इतकी सविस्तर आकृती होती. या कार्याबद्दल हार्टमुट मिशेल, योहान डायझेनहोफर व रॉबर्ट हुबर या तीन जर्मन शास्त्रज्ञांना १९८८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे काम होऊच शकणार नाही, असे त्या विषयातील बहुतेक जाणत्यांचे मत होते. ते मत निष्कारण नव्हते, हे पुढे दिसून येईल.

जांभळे जंतू आणि हिरवी झाडे

जांभळ्या जंतूंचा प्रकाशाशी काही संबंध असावा, हे प्रथम युट्रेख्ट येथील टेओडोर एंगेलमान यांच्या ध्यानी आले. त्यांनी १८८३ साली सूक्ष्मदर्शकाखालील पाण्याच्या थेंबावर सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला. थेंबातील जंतू वर्णपटाच्या ठराविक पट्ट्यांत गोळा झाले, आणि त्यांतील सर्वांत दाट गर्दी तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे मानवी डोळ्यास अंधारच दिसतो अशा अवरक्त भागात झाली. ज्या तरंगलांबीचा प्रकाश या जंतूंचे रंगद्रव्य शोषून घेते, तेथेच ते जमतात, असे एंगेलमान यांनी दाखविले. यातील मर्म पुढे उलगडले. तळ्याच्या पृष्ठभागावरील शेवाळ व पाणवनस्पती तांबडा आणि निळा प्रकाश आपणच गिळून टाकतात. खाली झिरपतो तो उरलासुरला अवरक्त प्रकाश. जांभळे जंतू त्यावर गुजराण करतात.

दुसरा महत्त्वाचा टप्पा कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथे गाठला गेला. तेथील सागरी प्रयोगशाळेत काम करणारे डच शास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हान नील यांनी १९३१ च्या सुमारास असे सिद्ध केले की, जांभळे गंधकजंतू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, आणि ऑक्सिजनऐवजी गंधकाचे कण मागे ठेवतात. यावरून त्यांनी एक धाडसी अनुमान काढले. हायड्रोजन सल्फाइडमधून जर गंधक सुटत असेल, तर झाडे जो ऑक्सिजन सोडतात तो कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर पाण्यामधून सुटत असला पाहिजे. त्या काळी सर्वत्र याच्या उलट शिकविले जात असे. पुढे १९४१ साली सॅम्युएल रूबेन व मार्टिन केमेन यांनी ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचा उपयोग करून या अनुमानास पुष्टी दिली. दुर्गंधीयुक्त चिखलातील जंतूंचा अभ्यास करून वनस्पतिशास्त्रातील एक मोठी चूक सुधारली गेली, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडली आहे.

यानंतर प्रश्न उभा राहिला तो असा. पेशीत हरितद्रव्याचे असंख्य रेणू असतात. त्यांपैकी प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे प्रकाशाचे काम पार पाडतो काय? रॉबर्ट एमर्सन व विल्यम आर्नल्ड यांनी १९३२ साली एका हिरव्या शेवाळावर क्षणिक प्रकाशाचे झोत टाकून पाहिले, तेव्हा ऑक्सिजनच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे अडीच हजार रेणू आहेत, असे आढळले. याचा अर्थ असा की, बहुसंख्य रेणू नुसते प्रकाश गोळा करतात आणि ती ऊर्जा मोजक्या रेणूंच्या स्वाधीन करतात. हे मोजके रेणू जेथे असतात त्या जागेस ‘विक्रियाकेंद्र’ म्हणतात. छपरावर पडणारा पाऊस पन्हाळीवाटे एका हौदात यावा तसा हा प्रकार आहे. युट्रेख्टमधील लाऊ डाऊसेन्स यांनी १९५२ साली जांभळ्या जंतूंवर प्रकाश टाकून त्यांच्या रंगातील अत्यल्प बदल मोजला; एकूण रंगद्रव्यापैकी अगदी थोडा भाग प्रकाश पडताच आपला इलेक्ट्रॉन गमावतो व प्रकाश हटताच पूर्वपदावर येतो, असे त्यांना दिसले. तोच विक्रियाकेंद्राचा पहिला माग होय.

१९६८ साली अमेरिकेत डॅन रीड व रॉडरिक क्लेटन यांनी हे केंद्र पेशीतून अलग काढले. त्याच्या शुद्धीकरणाचे आणि भौतिक परीक्षणाचे मोठे श्रेय मात्र सॅन डिएगो येथील जॉर्ज फेहेर यांच्याकडे जाते. फेहेर यांचा जन्म १९२४ साली ब्राटिस्लाव्हा येथे झाला. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय गुणधर्मांवर त्यांनी नाव मिळविले होते, आणि १९५६ साली इलेक्ट्रॉन व अणुगर्भ यांचे अनुनाद एकाच वेळी मोजण्याची एक नवी पद्धत त्यांनी शोधून काढली होती. पुढे हेच साधन घेऊन ते जीवशास्त्राकडे वळले. जंतूंच्या विक्रियाकेंद्रावर प्रकाश पडला की तेथे एक एकाकी इलेक्ट्रॉन मागे राहतो; त्याचा चुंबकीय संकेत अपेक्षेपेक्षा अरुंद आहे, असे आर्गोन येथील जेम्स नॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७१ साली आढळले होते. एकच इलेक्ट्रॉन दोन रेणूंत वाटला गेला असेल तरच संकेत असा अरुंद होईल, असे त्यांचे गणित सांगत होते. फेहेर यांच्या सूक्ष्मतर मापनांनीही तेच दाखविले. म्हणजे हरितद्रव्याची एक जोडी परस्परांस बिलगून बसलेली असली पाहिजे. या जोडीस ‘विशेष जोडी’ असे नाव पडले. तिला प्रत्यक्ष पाहावयास अद्याप कोणतेच साधन नव्हते.

पटलप्रथिनांची अडचण

प्रथिनाच्या रेणूची रचना जाणून घेण्याचा राजमार्ग क्ष-किरणांचा. प्रथिनाचे कोट्यवधी रेणू शिस्तीने रांगा लावून बसले की त्यांचा स्फटिक होतो. अशा स्फटिकातून क्ष-किरण गेले म्हणजे ते ठराविक दिशांना वळतात, आणि त्या वळलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून गणिताने अणूंच्या जागा काढता येतात. या पद्धतीने जॉन केंड्र्यू व मॅक्स पेरुट्झ यांनी मायोग्लोबिन आणि हीमोग्लोबिन यांची रचना उलगडली, व १९६२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या क्षेत्रात भारताचाही वाटा आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, चं. रामकृष्णन व वि. शशिशेखरन यांनी १९६३ साली प्रथिनाच्या साखळीस कोणत्या कोनांतून वळण्याची मुभा असते याचा आलेख सिद्ध केला. आज जगात कोठेही प्रथिनाची नवी आकृती तयार झाली की, ती बिनचूक आहे की नाही हे प्रथम रामचंद्रन-आलेखावर ताडून पाहिले जाते.

परंतु मायोग्लोबिन, हीमोग्लोबिन ही प्रथिने पाण्यात विरघळणारी. पेशीभोवतीच्या पटलातील प्रथिनांची जात निराळी. पेशीचे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर होय. त्याची एकंदर जाडी चार-पाच नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. या थराच्या दोन्ही बाजूंस पाणी, आणि मध्ये तेल. जी प्रथिने पटलातून आरपार गेलेली असतात, त्यांचा मधला भाग तेलात रमणारा आणि दोन टोके पाण्यात रमणारी असतात. अशी प्रथिने पाण्यात सोडली तर त्यांचे तेलकट भाग एकमेकांस चिकटून नुसता चोथा होतो.

ती पटलातून सोडवावयाची तर प्रक्षालक वापरावा लागतो. कपड्यावरील तेलकट डाग रिठ्याच्या फेसाने निघतो, तो ज्या युक्तीने निघतो तीच युक्ती येथेही उपयोगी पडते. प्रक्षालकाच्या रेणूस एक पाण्याची ओढ असलेले डोके व एक तेलाची ओढ असलेली शेपटी असते. शेपट्या प्रथिनाच्या तेलकट कमरेभोवती दाटीने बसतात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात, आणि प्रथिन पाण्यात तरंगू लागते. एवढ्याने शुद्धीकरणाचे काम भागते; स्फटिकाचे भागत नाही. स्फटिक होण्यास प्रत्येक रेणूने शेजाऱ्यास नेमक्या जागी, नेमक्या रीतीने स्पर्श करावा लागतो. कमरेभोवती फुगीर रजई गुंडाळलेली माणसे एकमेकांचे हात कसे धरणार? नेमकी हीच अडचण प्रक्षालकाच्या पट्ट्याने उत्पन्न होते. म्हणूनच १९७० नंतरच्या दशकात, पटलप्रथिनांचे स्फटिक करण्याच्या नादी लागणे म्हणजे काळाचा अपव्यय, असा समज दृढ झाला होता. आणि तरीही हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. पेशी जी प्रथिने तयार करते त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रथिने पटलातील असतात. श्वसन, मज्जातंतूंतील संदेश, दृष्टी, प्रकाशसंश्लेषण, ही सर्व कार्ये त्यांच्याच द्वारे होतात.

म्युनिकजवळचे स्फटिक

हार्टमुट मिशेल यांचा जन्म १९४८ साली लुडविग्सबुर्ग येथे झाला. बालपणी त्यांना वाचनालयातील पुस्तकांचा विलक्षण नाद होता. ट्युबिंगेन येथे जीवरसायनाचे शिक्षण पुरे करून ते व्युर्त्सबुर्ग येथे डीटर ओस्टरहेल्ट यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. ओस्टरहेल्ट यांचा विषय होता अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचे जांभळे पटल. या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे एकच प्रथिन दाटीने बसलेले असते, व ते प्रकाशाच्या साह्याने प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते. त्यात हरितद्रव्य नसते. मानवी डोळ्यातील रंगद्रव्याशी त्याचे नाते आहे. मिठागरांच्या पाण्यास जी लाली चढते ती याच कुळातील जीवांमुळे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीतही अशाच लवणप्रिय सूक्ष्मजीवांकडे कारण गेले.

केंब्रिज येथे रिचर्ड हेंडरसन व नायजेल अनविन यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने या प्रथिनातील सात मळसूत्रांची पुसट आकृती मिळविली होती. अणू वेगळे दिसावेत इतकी ती स्पष्ट नव्हती. त्यासाठी तिन्ही मितींत वाढलेला खरा स्फटिक हवा होता.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये मिशेल यांनी स्निग्धांश काढून टाकलेले बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन शीतकपाटात ठेवले, आणि नंतर पाहतात तो त्याचे काचेसारखे घन तुकडे झालेले! ते स्फटिक नव्हते. पण चोथाही नव्हता. जे प्रथिन असे घट्ट व नेटके बसू शकते त्याचे स्फटिकही झाले पाहिजेत, अशी मिशेल यांची खात्री पटली. ही खात्री एका काचेसारख्या तुकड्यावर उभी होती, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील तीन वर्षांच्या चिकाटीचे मोल कळते. १९७९ साली त्यांना बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचे स्फटिक मिळालेही. पण ते फार लहान व अव्यवस्थित निघाले आणि क्ष-किरणांच्या कामास पुरेसे ठरले नाहीत. हे वृत्त १९८० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बाझेल येथील मायकेल गारावितो व युर्ग रोझेनबुश यांनी पोरिन नावाच्या दुसऱ्या एका पटलप्रथिनाचे स्फटिक केल्याचे जाहीर केले. अशक्य म्हटलेल्या गोष्टीची दारे अशी दोन ठिकाणी किलकिली झाली.

मिशेल ओस्टरहेल्ट यांच्यासमवेत म्युनिकजवळील मार्टिन्सरीड येथे माक्स प्लांक जीवरसायन संस्थेत आले होते. तेथे त्यांनी प्रथिन बदलले. हा निर्णय शहाणपणाचा ठरला. जर्मनीतीलच गेरहार्ट ड्रेव्ह्स व पेटर गीसब्रेख्ट यांनी १९६६ साली वर्णन केलेला ‘ऱ्होडोस्यूडोमोनस व्हिरिडिस’ नावाचा जंतू त्यांनी निवडला. वंशाने हा जांभळ्या जंतूंपैकी असला तरी रंगाने हिरवट आहे. व्हिरिडिस या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘हिरवा’ असा आहे. (अलीकडे त्याचे शास्त्रीय नाव बदलून ‘ब्लास्टोक्लोरिस व्हिरिडिस’ असे झाले आहे.) त्याच्या विक्रियाकेंद्राचे भाग पटलाच्या दोन्ही अंगांस बरेच बाहेर डोकावतात. त्यामुळे प्रक्षालकाच्या पट्ट्याला न जुमानता रेणूंना एकमेकांस स्पर्श करण्यास जागा मिळते.

याखेरीज मिशेल यांनी एक युक्ती योजिली. प्रक्षालक म्हणून त्यांनी आखूड व लहान डोक्याचा एक अमाइन-ऑक्साइड घेतला, आणि त्यात हेप्टेन-ट्रायॉल हे त्याहूनही लहान रेणूंचे द्रव्य मिसळले. हेही अर्धे तेलाचे, अर्धे पाण्याचे. जेथे प्रक्षालकाच्या रेणूस बसावयास जागा अपुरी पडते तेथे हे चिमुकले रेणू सामावून जातात, व रजई थोडी पातळ होते. मग अमोनियम सल्फेट, जे शेतकऱ्यांना खत म्हणून परिचित आहे, त्याच्या तीव्र द्रावणाशेजारी प्रथिनाचा थेंब बंद जागेत ठेवला. थेंबातील पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू निघून जाते आणि थेंब दाट होत जातो. दोऱ्यावर खडीसाखर धरते ती अशाच संथपणे. १९८१ च्या जुलैअखेरीस या थेंबांत विक्रियाकेंद्राचे पहिले स्फटिक दिसू लागले. पुढे त्यांतील काही मिलिमीटरभर व त्याहूनही लांब वाढले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात क्ष-किरण परीक्षेस उतरल्यावर त्यांची शिस्त उत्तम असल्याचे आढळून आले.

आता गरज होती ती स्फटिकशास्त्रातील जाणकाराची. त्याच संस्थेत रॉबर्ट हुबर यांचा विभाग होता, आणि त्यात योहान डायझेनहोफर हे १९४३ साली बव्हेरियातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले जीवभौतिकीविज्ञ काम करीत होते. १९८२ पासून डायझेनहोफर, कुनिओ मिकी व ओटो एप यांनी हे काम हाती घेतले. क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून त्यांची तीव्रता कळते, पण तरंगांची कला कळत नाही. ती काढण्यास स्फटिकात जड धातूंचे अणू घालून पुन्हा मापने करावी लागतात. तोवर ज्यांच्या रचना निघाल्या होत्या त्यांच्या मानाने हे प्रथिन प्रचंड होते. हायड्रोजन वगळूनही त्यात दहा हजारांहून अधिक अणू आहेत. १९८४ साली रंगद्रव्यांच्या जागा निश्चित झाल्या. १९८५ साली प्रथिनाच्या साखळ्यांची वाट सापडली. जनुकांच्या आधारे साखळीतील अमिनो अम्लांचा क्रम लावण्याचे काम मिशेल व त्यांचे सहकारी त्याच सुमारास करीत होते.

इलेक्ट्रॉनचा प्रवास

आकृतीत जे दिसले ते असे. विक्रियाकेंद्रात चार प्रथिने असतात. त्यांपैकी ‘एल’ व ‘एम’ ही दोन पटलाच्या आत जुळ्या भावांप्रमाणे परस्परांस वेढून उभी आहेत. प्रत्येकाची पाच मळसूत्रे पटलातून आरपार जातात. तिसरे ‘एच’ हे एका मळसूत्राने पटलात रोवलेले असून त्याचा बाकीचा भाग पेशीच्या आतील बाजूस असतो. चौथे सायटोक्रोम बाहेरच्या बाजूस टोपीसारखे बसलेले आहे, व त्यात लोहयुक्त हीमचे चार गट एका ओळीत आहेत. एल व एम यांच्या कुशीत जंतुहरितद्रव्याचे चार रेणू, फिओफायटिनचे दोन, क्विनोनचे दोन व लोहाचा एक अणू अशी मांडणी आहे. चार हरितद्रव्यांपैकी दोन परस्परांस अगदी बिलगून बसलेली आढळली. फेहेर, नॉरिस प्रभृतींनी चुंबकीय मापनांवरून जिचे भाकीत केले होते ती हीच विशेष जोडी.

प्रकाशाचा कण या जोडीपर्यंत पोहोचला, किंवा भोवतालच्या रंगद्रव्यांनी गोळा केलेली त्याची ऊर्जा पोहोचली, की जोडीतील एक इलेक्ट्रॉन उत्तेजित होतो. सुमारे तीन पिकोसेकंदांत तो फिओफायटिनवर उडी घेतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग. तेथून सुमारे दोनशे पिकोसेकंदांत तो पहिल्या क्विनोनवर जातो. इकडे इलेक्ट्रॉन गमावलेल्या जोडीस सायटोक्रोम आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकते. यास सुमारे २७० नॅनोसेकंद लागतात. या आकड्यांत एक खुबी आहे. उत्तेजित इलेक्ट्रॉनला आपल्या जागी परत फिरणे केव्हाही शक्य असते, व तसे झाल्यास मिळविलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. परंतु फिओफायटिनवरून परतण्यास दहाएक नॅनोसेकंद लागतात, तर पुढे जाण्यास त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकाच वेळ पुरतो. प्रत्येक टप्प्यावर पुढची वाट परतीच्या वाटेहून कितीतरी जलद आहे. म्हणूनच केंद्रात आलेला जवळजवळ प्रत्येक प्रकाशकण कारणी लागतो.

पहिल्या क्विनोनकडून इलेक्ट्रॉन दुसऱ्या क्विनोनकडे जातो. येथे घाई नाही. काळ मायक्रोसेकंदांत मोजता येतो. दुसरा क्विनोन दोन इलेक्ट्रॉन मिळेपर्यंत वाट पाहतो, मग दोन प्रोटॉन घेऊन आपली जागा सोडतो व पटलात पोहू लागतो. पटलातील दुसरे एक प्रथिन हे इलेक्ट्रॉन उतरवून घेते, व त्या ओघात प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. धरणात अडविलेल्या पाण्याप्रमाणे प्रोटॉनांचा हा साठा परत वाहताना एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य तयार होते. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली, तेव्हा तिला कडाडून विरोध झाला होता. १९७८ साली तिच्याचसाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉन मात्र फिरून सायटोक्रोमवाटे विशेष जोडीकडे येतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते.

आकृतीने एक कोडेही घातले. एल व एम यांच्या बाजूंची रंगद्रव्ये आरशातील प्रतिबिंबासारखी दोन समान शाखांत मांडलेली दिसतात. विशेष जोडीपासून दोन्ही शाखांची अंतरे सारखीच भासतात. असे असूनही इलेक्ट्रॉन जवळजवळ नेहमी एल बाजूच्या शाखेनेच जातो. दुसरी शाखा रिकामीच राहते. भोवतालच्या अमिनो अम्लांतील बारीक फरकांमुळे दोन शाखांतील रेणूंच्या ऊर्जापातळ्या सारख्या राहत नाहीत, एवढे पुढे जनुकीय बदल करून केलेल्या प्रयोगांवरून कळले आहे. दुसरी शाखा सर्वस्वी निरुपयोगी मात्र म्हणता येत नाही. तिच्या टोकाशी असलेली क्विनोनची जागा दोन इलेक्ट्रॉन साठविण्यास लागतेच.

याच दुसऱ्या क्विनोनच्या जागेचा शेतीशी प्रत्यक्ष संबंध आहे. ऊस व मका यांच्या शेतात तण मारण्यासाठी ॲट्राझीन हे औषध वापरतात. हे औषध व त्याच्या जातीची इतर द्रव्ये वनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषण केंद्रात क्विनोनची जागा बळकावतात. इलेक्ट्रॉनची वाट अडते व तण मरते. मिशेल, एप व डायझेनहोफर यांनी १९८६ साली जंतूच्या विक्रियाकेंद्रात अशाच एका तणनाशकाचा रेणू नेमक्या त्या जागी बसलेला दाखविला. काही तणांवर ही औषधे का चालेनाशी होतात, याचाही उलगडा तेथेच होतो. त्या जागेतील एखादेच अमिनो अम्ल बदलले तरी औषधाचा रेणू तेथे नीट बसत नाही.

जंतूच्या एल व एम प्रथिनांचे वनस्पतीतील ‘डी-१’ व ‘डी-२’ या प्रथिनांशी साम्य आहे, हे क्रमांची तुलना करून लक्षात आले, व त्यावरून वनस्पतीतील केंद्राचे कल्पनाचित्र आधीच रेखाटता आले. बर्लिन येथील आथिना त्सूनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ऑक्सिजन सोडणाऱ्या सूक्ष्मजंतूतील त्या केंद्राची पहिली आकृती मिळविली. जपानमधील नोबुओ कामिया व जिआन-रेन शेन यांच्या गटाने २०११ साली ती इतकी स्पष्ट केली की पाण्याचे विघटन करणारा मँगॅनीजचा पुंजका अणुगणिक दिसला. अंदाज व आकृती यांचा गाभा जुळला. पाणी फोडण्याची विद्या मात्र जंतूंजवळ नाही. ती वनस्पतींच्या पूर्वजांनी वेगळी साधली.

जांभळ्या जंतूंचा दुसरा एक भाग, म्हणजे प्रकाश गोळा करणारी कडी, १९९५ साली ग्लासगो येथील रिचर्ड कॉग्डेल, नील आयझॅक्स व त्यांचे सहकारी यांनी उजेडात आणली. त्यात नऊ सारख्या घटकांचे एक वर्तुळ असून त्यावर जंतुहरितद्रव्याचे सत्तावीस रेणू बसविलेले असतात. फेहेर यांच्या गटाने ‘ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडिस’ या त्यांच्या जुन्या जंतूच्या विक्रियाकेंद्राची रचना १९८७ साली प्रसिद्ध केली. वीस वर्षांच्या भौतिक मापनांना त्यामुळे एक नकाशा मिळाला. फेहेर २०१७ साली निवर्तले. त्याच वर्षी हेंडरसन यांना, गोठविलेल्या नमुन्यांवरील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी, नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या पद्धतीने आज पुष्कळ पटलप्रथिनांची रचना स्फटिक न करताही काढता येते.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

हे जंतू पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राडस्की यांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात रूढ केलेली रीत कोणत्याही शाळेस जमण्याजोगी आहे. एक उंच, पारदर्शक बरणी घ्यावी. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठचा काळा चिखल खडे-काड्या काढून टाकून घ्यावा. त्यातील थोड्या चिखलात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, चमचाभर जिप्सम आणि चमचाभर खडूची पूड मिसळून तो तळाशी भरावा. जिप्सम न मिळाल्यास उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चालतो, कारण गंधक त्यातही असते. वर साधा चिखल घालून बरणी दोन-तृतीयांश भरावी. हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. शेवटी त्याच तळ्याचे पाणी चार बोटे ओतावे, आणि तोंडावर पातळ प्लास्टिकचा कागद सैल बांधावा. झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. बरणी खिडकीजवळ, पण भर उन्हात नव्हे, ठेवावी. वास येतो म्हणून वर्गाबाहेरील ओसरी अधिक बरी. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

बरणीच्या एका बाजूस काळ्या कागदाची पट्टी चिकटवावी. चार ते सहा आठवड्यांत चिखल प्रथम काळा पडतो, मग काचेलगत हिरवे व जांभळे डाग उठू लागतात आणि पसरत जातात. नंतर पट्टी काढून पाहावी. तिच्याखालची जागा काळीच राहिलेली असते.